मोटारीच्या धुराचा माग काढणारा रसायनशास्त्रज्ञ

गेल्या हिवाळ्यात आमची जुनी गाडी आजारी पडली. तुबलीतल्या आमच्या इमारतीखाली सकाळी ती सुरू केली, की हुडहुडी भरल्यासारखी थरथरू लागे. रस्त्याला लागली की ठीक. पण सिग्नलला उभी राहिली की पुन्हा तेच. स्टीअरिंग थरथरे, आरसा थरथरे, शेजारी बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींच्या मांडीवरचा डबासुद्धा थरथरे. कधी कधी तर ऐन चौकात इंजिन बंदच पडे आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न आमचा उद्धार करीत.

गाडी १९८६ सालची, मूळची अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली आणि दोन-तीन हात बदलून आमच्याकडे आलेली. सलमाबादच्या एका गॅरेजातल्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी बॉनेट उघडले, आत रबरी नळ्यांचे जे जाळे होते त्याकडे एकवार पाहिले आणि निदान करून टाकले. हे सगळे धुराचे सामान काढून फेका, भोके बुजवून टाका, म्हणजे गाडी मोकळा श्वास घेईल, असा त्यांचा सल्ला होता. किंमतही माफक सांगितली. आम्ही जवळजवळ होकार दिला होता.

तेवढ्यात बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या एका पिवळट पडलेल्या कागदाकडे लक्ष गेले. त्यावर नळ्यांचा नकाशा होता आणि खाली बारीक अक्षरांत ही गाडी कॅलिफोर्निया राज्याच्या नियमांनुसार आहे असे लिहिले होते. बाहरीनच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा कॅलिफोर्नियाशी काय संबंध, या कुतूहलापोटी आम्ही मिस्त्रींना दोन दिवस थांबायला सांगितले. त्या दोन दिवसांत ज्या गृहस्थांची ओळख झाली, त्यांची हकिकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. गाडीचे पुढे काय झाले तेही ओघाने येईलच.

त्यांचे नाव आरी यान हागेन-स्मिट. जन्म २२ डिसेंबर १९००, हॉलंडमधल्या उट्रेख्त या गावी. वडील तिथल्या सरकारी टांकसाळीत रसायनशास्त्रज्ञ होते. त्यामुळे रसायनांचा वास या मुलाला घरातच मिळाला म्हणायला हरकत नाही. उट्रेख्तच्याच विद्यापीठात शिक्षण झाले आणि १९२९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता टर्पीन, म्हणजे झाडापाल्याला, राळेला, लिंबाच्या सालीला वास देणारी द्रव्ये. पुढे वनस्पतींच्या वाढीला कारण होणाऱ्या संप्रेरकांवर त्यांनी काम केले. १९३६ साली ते अमेरिकेत हार्वर्डला गेले आणि पुढच्याच वर्षी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पासाडेना गावच्या कॅलटेक या संस्थेत रुजू झाले. तिथेच मग त्यांचे उरलेले आयुष्य गेले.

मोटारीशी त्यांचा दुरूनही संबंध नव्हता. १९३९ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर घेवड्याच्या शेंगांतून एक द्रव्य वेगळे काढले, जे झाडाला जखम झाली की ती भरून यायला मदत करते. त्यानंतर ते पदार्थांच्या स्वादाकडे वळले. अननसाला अननसाचा वास कशामुळे येतो, कांद्या-लसणाला उग्रपणा कशाने येतो, असले प्रश्न ते सोडवीत बसत. ढीगभर अननस आणायचे, त्यांची वाफ अतिथंड नळ्यांतून न्यायची, गोठून मागे राहील त्याचे थेंब गोळा करायचे आणि ते कशाचे आहेत ते ओळखायचे. आपल्याकडे सुगरण बाई फोडणीच्या वासावरून हिंग कमी पडला की जिरे जळले ते सांगते. हागेन-स्मिट तेच काम काचेच्या नळ्यांनी करीत.

त्याच सुमारास शेजारचे लॉस एंजेलिस शहर एका नव्याच व्याधीने हैराण झाले होते. जुलै १९४३ मध्ये एके दिवशी शहरावर इतके दाट धुके उतरले, की तीन चौकांपलीकडचे दिसेना. लोकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, घसे जळू लागले. युद्धाचे दिवस होते, त्यामुळे जपान्यांनी विषारी वायू सोडला अशीही आवई उठली. पण युद्ध संपले तरी धुके काही संपेना. पालक, बीट यांसारख्या भाज्यांची पाने चट्टे पडून वाळू लागली. मोटारींचे टायर इतर गावांपेक्षा तिथे लवकर तडकू लागले. हे काय आहे ते मात्र कोणी सांगू शकेना.

जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. कोणी म्हणे कारखान्यांचा धूर, कोणी म्हणे तेलशुद्धीकरणाच्या भट्ट्या, कोणी म्हणे घरोघरी परसात कचरा जाळतात त्याचा परिणाम. लंडनचे धुके कोळशातल्या गंधकाचे, तेव्हा इथलेही गंधकाचेच असणार असा तज्ज्ञांचा कयास होता. गंधकाच्या धुरावर निर्बंध आले. धुके मात्र होते तसेच राहिले. शिवाय लंडनचे धुके थंडीत आणि अंधारात, तर लॉस एंजेलिसचे लख्ख उन्हात, दुपारकडे वाढणारे. त्याचा वासही गंधकाचा नव्हता. ब्लीचिंग पावडरीसारखा काहीसा होता.

१९४७ साली जिल्ह्यात हवेच्या प्रदूषणावर नियंत्रण ठेवणारे खाते निघाले आणि त्या खात्याने मदतीसाठी हागेन-स्मिट यांच्याकडे धाव घेतली. वासाचा माणूस हवा होता, आणि वासाचा माणूस गावातच होता. १९४८ च्या सुमारास त्यांनी अननस बाजूला ठेवला आणि आपल्या खिडकीबाहेरची हवाच त्या थंड नळ्यांतून ओढून घेतली. हजारो घनफूट हवेतून हाती आले ते थोडेसे तपकिरी, घाणेरड्या वासाचे पाणी. त्यात सापडली अर्धवट ऑक्सिडीकरण झालेली सेंद्रिय द्रव्ये. ही द्रव्ये कोणत्याच धुराड्यातून तशीच्या तशी बाहेर पडत नव्हती. ती हवेतच तयार होत होती.

इथे त्यांच्या बुद्धीची खरी झेप दिसते. चोर धुराड्यात शोधायचा नाही, तो आकाशात तयार होतो, हे त्यांनी ओळखले. पेट्रोलची न जळलेली वाफ आणि इंजिनाच्या प्रखर उष्णतेत हवेतल्याच नायट्रोजनपासून बनलेली नायट्रोजनची ऑक्साइडे ही दोन हवेत मिसळतात. त्यावर कडक ऊन पडते. ऊन नायट्रोजन डायऑक्साइडचे कण फोडते, सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो आणि ओझोन तयार होतो. पेट्रोलच्या वाफेमुळे हे चक्र फिरतच राहते आणि त्यातून डोळे झोंबवणारी आणखी द्रव्ये निपजतात. वर उबदार हवेचे झाकण, तीन बाजूंना डोंगर. सगळे शहर म्हणजे झाकण लावलेले पातेले. चूल सूर्याची आणि जिन्नस मोटारींतले व तेलाच्या टाक्यांतले.

त्यांनी हे नुसते कागदावर मांडले नाही. बंद पेटीत पेट्रोलची वाफ आणि ओझोन सोडून त्यांनी तेच धुके, तोच वास प्रयोगशाळेत तयार करून दाखवला. त्या हवेत भाजीची रोपे ठेवली; त्यांच्या पानांवर शेतातल्यासारखेच चट्टे उठले. आणि एक साधी युक्ती तर आम्हाला फार आवडली. रबराची पट्टी वाकवून, ताणून हवेत ठेवायची आणि तिला भेगा पडायला किती मिनिटे लागतात ते मोजायचे. भेगा जितक्या लवकर, तितका हवेत ओझोन जास्त. महागडे यंत्र नाही, काही नाही. रबराचा तुकडा आणि घड्याळ. शहरातले टायर का तडकतात याचेही उत्तर त्यातच मिळाले. १९५२ साली त्यांनी हे सारे शास्त्रीय नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध केले.

आता खरी परीक्षा होती. कारण या शोधाचा अर्थ असा, की दोषी कुणी एक कारखानदार नसून रोज सकाळी मोटार काढून कामाला जाणारा प्रत्येक नागरिक आहे, आणि त्याबरोबर त्याला मोटार विकणारा व तिच्यात तेल भरणारा व्यवसायही. असले सत्य कोणाला रुचणार? तेल कंपन्यांच्या संघटनेच्या पैशावर काम करणाऱ्या एका संशोधन संस्थेने हागेन-स्मिट चुकले असे जाहीर केले. त्या संस्थेचा एक शास्त्रज्ञ कॅलटेकमध्येच येऊन, समोर हागेन-स्मिट बसलेले असताना, व्याख्यानात त्यांचे निष्कर्ष खोडून गेला. एरवी हे गृहस्थ शांत स्वभावाचे. धुक्याचा प्रश्न सोडवून झाला, आता पुन्हा आपल्या स्वादाकडे वळावे, असा त्यांचा विचार होता. पण हा अपमान त्यांना झोंबला. स्वादाचे काम त्यांनी मागे टाकले आणि धुक्याच्या पाठी पूर्णपणे लागले. टीकाकारांनी गप्प बसवायला जावे आणि माणूस जन्मभरासाठी उभा राहावा, असे कधी कधी घडते ते असे. १९५० चे दशक संपता संपता इतर प्रयोगशाळांनीही त्यांचेच म्हणणे खरे ठरवले.

कारण सापडले, आता उपाय हवा होता. १९६० साली कॅलिफोर्नियाने मोटारींच्या धुरासाठी खास मंडळ नेमले आणि हागेन-स्मिट त्याच्या कामात सहभागी झाले. यापुढची कथा आमच्या बॉनेटखालच्या नळ्यांची आहे.

पहिली नळी पीसीव्ही व्हॉल्व्हची. इंजिन चालताना थोडा न जळलेला वायू पिस्टनच्या कडेने खाली ऑइलच्या भांड्यात उतरतो. पूर्वी तो एका उघड्या नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत. मोटारीतून हवेत जाणाऱ्या हायड्रोकार्बनचा सुमारे पाचवा हिस्सा या एका वाटेने जाई. तो वायू पुन्हा इंजिनाच्या तोंडाशी नेऊन जाळायचा, एवढेच या छोट्या झडपेचे काम. १९६० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियाच्या नव्या गाड्यांना ती बसू लागली. १९६६ पासून तिथे धुराड्यातून निघणाऱ्या धुरावरही मर्यादा आली. पेट्रोलच्या टाकीतली वाफ पकडणारा कोळशाचा डबा १९७० च्या गाड्यांना लागला. त्यानंतर धुराचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडून ज्वलनाचे तापमान खाली आणणारी ईजीआर झडप आली, आणि १९७५ च्या गाड्यांपासून अमेरिकेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यातल्या प्लॅटिनमसारख्या धातूंवर शिशाचा थर बसून ते निकामी होऊ नयेत म्हणून पेट्रोलमधले शिसेही हटवावे लागले.

हे सगळे बिनबोभाट झाले असे मात्र नाही. मोटार कंपन्यांनी ही साधने लांबवण्यासाठी आपसात संगनमत केले, असा दावा खुद्द अमेरिकन सरकारने कोर्टात लावला होता. तो १९६९ साली तडजोडीने मिटला. सामान्य मोटारवालेही कुरकुर करीत होतेच, आणि त्यांच्या कुरकुरीत तथ्य होते. पहिल्या मर्यादा पाळण्यासाठी कंपन्यांनी पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे मिश्रण ठेवले. गाड्या उभ्या असताना धडधडू लागल्या. शिवाय ज्वलन अधिक तापल्याने नायट्रोजनची ऑक्साइडे कमी होण्याऐवजी वाढली. एक भोक बुजवावे तर दुसरे उघडे पडावे, असा प्रकार झाला.

१९६८ साली कॅलिफोर्नियाच्या नव्या हवा-संसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष म्हणून हागेन-स्मिट यांची नेमणूक झाली. त्या वेळी राज्यपाल होते रोनाल्ड रेगन. अध्यक्षपदाच्या काळात या गृहस्थांना जो अवघड प्रश्न पडला तो जुन्या गाड्यांचा. नव्या गाडीला कारखान्यातच साधन बसवता येते. पण रस्त्यावर आधीच धावत असलेल्या लाखो गाड्यांचे काय? १९६६ ते १९७० च्या गाड्यांना नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी मागाहून साधन बसवण्याचा नियम निघाला, तेव्हा गाडीची ताकद जाईल, इंजिन तापेल, पेट्रोल जास्त लागेल, अशी ओरड झाली. १९७३ च्या अखेरीस हागेन-स्मिट यांना अध्यक्षपदावरून जावे लागले. योगायोग पाहा, त्याच वर्षी त्यांना विज्ञानाचे राष्ट्रीय पदकही मिळाले. एका हाताने मान द्यायचा आणि दुसऱ्याने खुर्ची काढायची, ही रीत काही आपल्याकडचीच नाही.

१७ मार्च १९७७ रोजी पासाडेनात त्यांचे निधन झाले. आयुष्यभर हवेचा अभ्यास केलेल्या या माणसाला अखेर फुफ्फुसाच्या कर्करोगाने नेले. मंडळाच्या एल मॉन्टे येथील प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले आणि पुढची कित्येक वर्षे जगभरच्या गाड्या तिथे तपासल्या जात राहिल्या. मोठ्या बाजारपेठेचा नियम पाळायचा म्हणून कंपन्यांनी गाड्या बदलल्या आणि तो बदल हळूहळू सगळीकडे पोचला. आपल्या देशात १९९५ साली मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, आणि २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या मागे उभे राहून ज्यांनी डोळे चोळले आहेत, त्यांना या माणसाचे ऋण वेगळे सांगायला नको.

असो. आता गाडीकडे वळू.

आमच्या वरच्या मजल्यावर एक कोल्हापूरकर राहतात. वर्कशॉपात उभा जन्म गेलेला माणूस. त्यांना ही सारी कथा सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि शुक्रवारी सकाळी चहा घेऊन खाली आले. गाडी उघड्यावर आणायला लावली, कारण बंद जागेत इंजिन चालू ठेवणे म्हणजे विषाशी खेळ. हँडब्रेक ओढला, गाडी पार्कमध्ये टाकली, बाह्या वर केल्या, सैल कपडा पंख्यापासून दूर ठेवला आणि काम सुरू झाले.

आधी साध्या गोष्टी. प्लग काढून पाहिले. चारही सारख्याच रंगाचे, म्हणजे एखादाच सिलिंडर मिस मारतो असे नव्हते. प्लगच्या वायरी आणि एअर फिल्टर ठीक. मग ईजीआर. थंड इंजिनावर त्यांनी झडपेचा पडदा बोटाने वर ढकलला, तशी गाडी बंद पडू लागली. सोडताच पूर्वपदावर आली. म्हणजे वाट मोकळी आहे आणि झडप नीट मिटतेही आहे. काजळीने ती उघडीच अडकली असती, तर उभ्या गाडीत धूर शिरून अशीच थरथर झाली असती. नंतर पीसीव्ही झडप काढून कानाशी हलवली. आतला खुळखुळ आवाज आला. झडप जिवंत होती.

मग त्यांनी हातभर रबरी नळीचे एक टोक कानाला लावले आणि दुसरे टोक, डॉक्टरांनी छाती तपासावी तसे, इंजिनावरच्या एकेका नळीपाशी फिरवले. एका जागी थांबून आम्हाला ऐकायला दिले. बारीक, सापासारखा फुसफुस आवाज येत होता. पीसीव्हीच्या जाड नळीला, जिथे ती वळते तिथे, खालच्या बाजूने बोटाच्या पेराएवढी भेग पडली होती. वरून पाहणाऱ्याला ती दिसणे शक्य नव्हते. त्यांनी पकडीने ती नळी अलगद दाबली, तोच इंजिनाची थरथर जवळजवळ थांबली. इंजिन त्या भेगेतून फुकटची हवा खात होते. गाडी उभी असताना त्याला हवा लागते थोडीच, त्यात ही जास्तीची आली की मिश्रण पातळ होते आणि धडधड सुरू होते. वेगात भरपूर हवा जात असते, तेव्हा तेवढी भेग जाणवत नाही. म्हणूनच गाडी रस्त्यावर ठीक आणि सिग्नलला बेजार.

नवी नळी काही शे फिल्सची आली. ऑइलची वाफ सोसणारीच नळी घ्या, साधी पाण्याची घेऊ नका, असे त्यांनी बजावले होते. बसवायला दहा मिनिटे लागली. त्या दुपारी आम्ही मनामाला जाऊन आलो. प्रत्येक सिग्नलला डबा मांडीवर निश्चल होता.

धुराचे सामान निर्दोष होते, दोष त्याच्याकडे जाणाऱ्या वयोवृद्ध रबरात होता. सलमाबादच्या सल्ल्याप्रमाणे सगळे काढून भोके बुजवली असती, तर ती भेगाळलेली नळीही त्याबरोबर गेली असती आणि थरथर थांबलीही असती. मग आम्ही जन्मभर समजत राहिलो असतो, की धुराचे सामान हेच रोगाचे मूळ होते. आणि आमच्या इमारतीखाली संध्याकाळी क्रिकेट खेळणारी पोरे तो न जळलेला धूर हुंगत राहिली असती. या गोष्टीची आठवण झाली, की आम्हाला अजून अपराध्यासारखे वाटते.

तुबलीला वासाचे नवल नाही. ओहोटीला खाडीवरून येणारा वास आम्ही ओळखतो, मनामाच्या बाजारातला वेलची-उदाचा ओळखतो, जवळच सित्र्याकडे १९३६ पासून चालू असलेली तेलशुद्धीकरणाची भट्टी आहे. १९३२ साली याच बेटावर तेल लागले आणि आपली माणसे त्यामागोमाग इथे आली. तेलाने आम्हाला भाकरी दिली. त्या तेलाचा धूर कसा आवरायचा ते एका डच माणसाने अननसाचा वास शोधता शोधता दाखवून दिले. इथले ऊन लॉस एंजेलिसपेक्षा कमी नाही आणि गाड्याही कमी नाहीत. डोंगर तेवढे नाहीत आणि शमालचा वारा मधूनमधून झाडून नेतो, हे आपले भाग्य.

जुनी नळी आम्ही टाकली नाही. खिडकीत ठेवली आहे. पाहुणे विचारतात, हे काय म्हणून. मग आम्ही तिला वाकवून ती भेग दाखवतो आणि रबराच्या पट्टीवर हवेची नाडी पाहणाऱ्या त्या माणसाची गोष्ट सांगतो. ज्यांची गाडी जुनी आहे त्यांनी सामान काढून टाकण्याआधी एका शुक्रवारी सकाळी एखाद्या जाणकाराला चहाला बोलवावे, एवढेच आमचे सांगणे.